पाचवी रेघ आडवी

“चार उभ्या, पाचवी आडवी. म्हणा.”

आम्ही म्हटलं.

“पुन्हा.”

पुन्हा म्हटलं. नोव्हेंबरातली पहाट होती, दात वाजत होते, आणि वैरागडे साहेब कॉलेजात शिकणाऱ्या आम्हा चौघांना बालवाडीचा धडा देत होते. साहेब नागपूरचे, रस्त्यांची मोजणी करणाऱ्या एका कंपनीत. पन्नाशीचा माणूस, अर्ध्या बाह्यांचा स्वेटर, खिशात बडीशेपेची डबी. डबीतून ते मोजून पाच दाणे घेत असत, असं आम्ही आपसांत म्हणायचो.

“एक वाहन गेलं की एक उभी रेघ,” ते म्हणाले. “पाचवं गेलं की त्या चार रेघांना कापणारी आडवी. आडवी मारली नाही तर शेवटी मोजताना मुंडी फिरते. आडवीशिवाय हिशोब नाही. कळलं का, झाडे?”

झाडे म्हणजे मी. प्रणिता झाडे, वय एकोणीस, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. कळलं, मी म्हणाले. तेव्हा काहीही कळलं नव्हतं, पण ते पुढे येईलच.

ही गोष्ट दोन हजार चार सालची. हिंगणघाटहून पांढरकवड्याकडे जाताना आमच्या येरंडगावचा फाटा लागतो. त्या फाट्यावर लिंबाखाली टेबल मांडून आम्ही बसलो होतो. समोरून सात नंबर जात होता. आता त्याचा नंबर चव्वेचाळीस आहे, पण आमच्या गावाला तो सात नंबर म्हणूनच ठाऊक. काशीपासून कन्याकुमारीपर्यंत जाणारा रस्ता, असं शाळेत गुरुजी छाती फुगवून सांगत, जणू तो त्यांनीच बांधला. दक्षिणेकडे नागपूरची संत्री जायची, तिरुपतीचे यात्रेकरू जायचे. उत्तरेकडे तांदूळ यायचा, नारळ यायचे, तमिळ अक्षरांचे उंच ट्रक यायचे. आमच्या गावाने सगळा देश त्या रस्त्यावर बघितला होता. स्वतः गाव मात्र उत्तरेला हिंगणघाट आणि दक्षिणेला पांढरकवडा, यापलीकडे फारसं गेलं नव्हतं.

रस्ता चौपदरी व्हायचा होता. त्याआधी त्यावरून काय काय जातं याची सात दिवसांची मोजणी होती. माझी पाळी सकाळी सहा ते दुपारी दोन. कागदावर रकाने छापलेले: दुचाकी, मोटार, बस, ट्रक, ट्रॅक्टर, सायकल. आणि सगळ्यात शेवटी, बैलगाडी.

तो रकाना पाहून मला हसू आलं. “साहेब, एवढ्या मोठ्या रस्त्याला बंडीचं काय?”

आमच्याकडे बैलगाडीला बंडी म्हणतात.

वैरागड्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “हसू नका. शेवटी सगळ्या वाहनांचं मोटारीत रूपांतर करतात. ट्रक गेला तर तीन मोटारी धरायच्या. बैलगाडी गेली तर किती धरायच्या? सांगा.”

“अर्धी?”

“आठ.”

“आठ?”

“आठ. हळू जाते, मागच्या सगळ्यांना अडवते, म्हणून आठ. पुस्तकात आहे तसं.”

मी दिवसभर त्या आठाच्या धुंदीत होते. माझ्या बापाची बंडी म्हणजे आठ मोटारी! पांढरी अँबॅसॅडर घेऊन फिरणारे आमदारसुद्धा एकच मोटार. दोनला पाळी संपली आणि मी ही बातमी घरी घेऊन गेले. तोंडात तीळ भिजत नाही म्हणतात, तसलीच मी.

आमच्या घरात बाबा फार बोलत नसत. बोलण्याचं खातं त्यांच्या थोरल्या बहिणीकडे, गिरजाआत्याकडे होतं. आत्या फार लवकर विधवा झाली, माहेरी आली आणि स्वतःचं चार एकर शेत स्वतः वाहू लागली. गावात बंडी हाकणारी ती एकटी बाई. तिचे बैल चांद्या आणि निळ्या. त्यांच्याशी ती आमच्यापेक्षा गोड बोलायची.

त्या संध्याकाळी ओसरीवर सरपंच वामनराव बोबडे येऊन बसले होते. तालुक्याला जाऊन नव्या रस्त्याचा नकाशा बघून आले होते, आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

“मधात भिंतीसारखा पट्टा हाये,” ते म्हणाले. “आपल्या फाट्यावर त्याले खाच नाई. खाली बोगदा बी नाई. बोगदा हाये तो पिंपळधरीच्या चौफुलीवर.”

“पिंपळधरी साडेचार किलोमीटर हाये ना, वामनराव,” बाबा म्हणाले.

“जाऊन येऊन नऊ.”

आमचं गाव रस्त्याच्या पूर्वेला आणि गावाची शेतं पश्चिमेला. शाळाही पश्चिमेलाच, कारण कधीकाळी तिकडे कुणीतरी जागा दान केली होती. रोज सकाळी सगळं गाव रस्ता ओलांडायचं आणि संध्याकाळी परत ओलांडायचं. मध्ये पट्टा आला की आत्याच्या घरासमोर दिसणाऱ्या शेताला जायला ट्रकांच्या गर्दीतून नऊ किलोमीटर बंडी हाकावी लागणार होती.

“मंग मी बैल इकून टाकू का?” आत्या म्हणाली. तिने ते अगदी साध्या आवाजात विचारलं.

“मी इचारलं ना तिथच्या बाबूले, काहून म्हणून. तर म्हणते, तुमच्या फाट्यावर वाहतूक नाई,” वामनराव म्हणाले.

आणि इथे मी तोंड उघडलं. बंडीचे आठ सांगितले.

वामनराव माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी मांडीवर थाप मारली. “वाहतूक पाह्यजे ना त्याइले? देऊ!”

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी ट्रकची आडवी रेघ मारत होते, तोच दक्षिणेकडून घुंगरांचा आवाज आला. मान वर केली. रस्त्याच्या कडेने आमचं गाव येत होतं.

बेचाळीस बंड्या. एकामागे एक. बैलांची शिंगं रंगवलेली, पाठीवर झुली, गळ्यात घागरमाळा. नोव्हेंबरात पोळा निघाला होता. सगळ्यात पुढे गिरजाआत्या, नवं हिरवं लुगडं नेसून, कासरा हातात, मान ताठ. मागे ट्रकांची रांग लागलेली, भोंगे वाजताहेत, एक पगडीवाला सरदार ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन हात जोडून नमस्कार करतोय, की हातवारे करतोय, कळत नव्हतं.

“लिव्ह वं प्रणिता!” आत्या ओरडली. “एकाचे आठ!”

मी लिहीत गेले. काय करणार? बंडी गेली की रेघ. चार उभ्या, पाचवी आडवी. बेचाळीस बंड्या उत्तरेला गेल्या, पुलाजवळ वळल्या आणि परत आल्या. चौऱ्याऐंशी गुणिले आठ, सहाशे बहात्तर मोटारी. खोटं का बोलू, माझा ऊर भरून आला होता. असं रुबाबदार गाव मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्यांदा वळताना वैरागड्यांची जीप आली.

ते उतरले, रांग बघितली, माझ्या टेबलापाशी आले, कागद बघितला. मग रस्त्याच्या कडेला जाऊन आत्याच्या बैलांसमोर उभे राहिले. चांद्याने त्यांच्या स्वेटरला नाक लावलं.

“बाई, ही गाडी या रस्त्याने वर्षातून किती वेळा जाते?”

आत्या खोटं बोलू शकत नव्हती. हा तिचा गुण होता आणि गावाची अडचण. “दोनदा. सरकी आणाले एकदा, अन् जत्रेले एकदा.”

“आणि आज सकाळपासून?”

“पाच.”

वामनराव मागच्या बंडीवरून उतरून धावत आले. “सायेब, वाहतूक हाये हे दाखवून राह्यलो. वाहतूक असली त बोगदा भेटते ना?”

वैरागडे त्यांच्याकडे वळले. मग म्हणाले, “कोणी सांगितलं तुम्हाला? रस्त्याने जाणारी वाहतूक जितकी जास्त, तितका रस्ता रुंद. तितका मधला पट्टा पक्का. तुम्ही सकाळपासून स्वतःसमोरची भिंत उंच करताय.”

घुंगरं थांबली होती. वामनरावांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. मागच्या बंड्यांना काय झालं ते कळलं नव्हतं, तिथून कुणीतरी “चला ना बे” म्हणून ओरडलं.

साहेब टेबलाशी आले. लाल पेनाने माझ्या त्या सकाळच्या तीनही कागदांवर तिरकी रेघ ओढली आणि लिहिलं, ‘ग्राह्य नाही’.

“झाडे, तुम्ही या गावच्या?”

“हो.”

“मी विचारलं होतं तेव्हा म्हणालात, जवळचीच.”

“जवळचीच आहे ना, साहेब,” मी म्हटलं. जीभ काही गप्प बसेना.

त्यांनी मला काढून टाकलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या दिवशी वाटलं. दोन वाजेपर्यंत मी मान खाली घालून रेघा ओढल्या.

दुपारी फाट्यावरून घरी जाताना आत्या माझ्यासाठी थांबली होती. बैलांच्या शिंगांचा रंग तिने तिथल्या तिथे ओल्या फडक्याने पुसून काढला होता. आम्ही चालू लागलो.

“आत्या, माझ्यामुळे झालं.”

“तू खरं तेच सांगतलं. आमीच येडे.” मग ती थांबली, मागे वळून रस्त्याकडे बघत राहिली. एक लांबलचक टँकर गेला. “मले एक सांग. आपण कधी रस्त्यानं जातो का वं?”

“म्हणजे?”

“आपण रस्त्यानं जातच नाई. रस्ता आपल्यातून जाते. अन् तुह्या कागदावर आपल्याले खानाच नाई.”

मी घरी जाऊन कोरा कागद काढला. छापील नमुना डोळ्यांसमोर आणला. खरंच, त्यावर वरून खाली आणि खालून वर, असे दोनच बाण होते. उत्तर आणि दक्षिण. इकडून तिकडे जाणाऱ्याला बाण नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेब आल्याबरोबर मी उभी राहिले.

“साहेब, आडवं कोण मोजतं?”

“काय आडवं?”

“रस्ता ओलांडून जातात ते.”

“पिंपळधरीला मोजतील. तिथे चौफुली आहे.”

“इथे?”

“इथे नकाशावर आडवा रस्ताच नाही, तर मोजायचं काय?”

“पांधण आहे.” पांधण म्हणजे शेतात जाणारी मातीची वाट. आमची पांधण माझ्या पणज्याच्याही आधीची. “नकाशा काढणाऱ्याला ती दिसली नाही, म्हणून ती नाही असं थोडीच होतं?”

त्यांनी डबी काढली. बडीशेप तोंडात टाकली आणि चावत राहिले. मला वाटलं, आता खरंच काढणार.

“माझ्या कामात ते नाही,” ते म्हणाले. “कोरे कागद मला देता येत नाहीत. ते मोजून येतात, मोजून जातात.” मग टेबलावरचे ते लाल रेघेचे तीन कागद त्यांनी माझ्याकडे सरकवले. “हे मात्र बाद झालेत. बाद कागद मी परत नेत नाही. पाठीमागून कोरे असतात.”

मी कागद उचलले.

“झाडे. कालच्यासारखी एक जरी रेघ जास्त सापडली, तर मी ते फाडीन. तुमच्यासमोर.”

आठवडाभराची मोजणी रविवारी संपली. टेबलं गेली, खुर्च्या गेल्या. सोमवारी उजाडायच्या आधी मी घरून पाट नेला आणि लिंबाखाली मांडला. बाद कागदांच्या पाठीवर स्वतः रकाने आखले होते: बंडी, माणसं, शाळेची मुलं, गुरं, शेळ्या. आणि बाण काढले होते, पूर्वेकडून पश्चिमेला आणि पश्चिमेकडून पूर्वेला.

आदल्या संध्याकाळी आत्याने गावात दवंडीच दिली होती म्हणा ना. पारावर उभी राहून म्हणाली, “उद्या ज्याले काम हाये त्यानंच रस्ता ओलांडाचा. रोज जितक्यांदा जाता तितक्यांदाच. एक जरी पाऊल जास्त टाकलं तर गाठ माह्याशी हाये.”

वामनरावांना राहवत नव्हतं. “बाई, थोडंसं, दहा-वीस इकडंतिकडं...”

“वामनराव, एकडाव तोंडावर पडलो. आता सरळ चाला.”

आणि गाव सरळ चाललं. पहिल्या उजेडात कापूस वेचणाऱ्या बाया निघाल्या, कमरेला ओटी बांधलेल्या, हातात डबे. रस्त्याच्या काठाशी आल्या की बोलणं बंद व्हायचं. सगळ्या एकदम थांबायच्या, एकदम पळायच्या, पलीकडे गेल्यावर तुटलेलं वाक्य पुन्हा सुरू व्हायचं. मी हे जन्मापासून पाहत होते, पण मोजायला बसले तेव्हा पहिल्यांदा दिसलं. मग गुरं. मग शाळेची मुलं, एकमेकांचे हात धरून, सगळ्यात धाकट्यांना मध्ये घेऊन. गुरुजी रस्त्याच्या मधोमध उभे राहून दोन्हीकडे हात पसरायचे. तो माणूस रोज सकाळ-संध्याकाळ काशी आणि कन्याकुमारी दोन्ही अडवून धरायचा, आणि आम्ही त्यांच्या फुगलेल्या छातीला हसायचो.

आत्याची रीत वेगळी होती. बैलांचे पुढचे पाय पांढऱ्या पट्ट्याला लागले की ती कासरा ओढायची आणि येणाऱ्या ट्रककडे टक लावून बघायची. मला लहानपणीच तिने शिकवलं होतं, “गाडी पाहू नोको, गाडीतला माणूस पाह्य. त्यानं तुले पाह्यलं की मंग पाय टाक.” त्या सकाळी तिने माणूस पाहिला, जीभ टाळूला लावून आवाज केला आणि पार झाली. मी बंडीच्या रकान्यात रेघ ओढली.

पंधरा मिनिटांत ती बंडीसकट परत आली. घरी गेली. पुन्हा आली.

“काय झालं?”

“पाण्याचा डरम राह्यला घरीच. बायाइले पाणी लागन ना दिवसभर.” आणि मग कासरा आवळून दरडावून म्हणाली, “हे दोन खेपा नोको लिहू. हे वाहतूक नाई, हा माह्या विसरभोळेपणा हाये.”

मी नाही लिहिल्या.

दुपारी भाकर मांडीवर ठेवूनच खाल्ली. वामनराव तंबाखू आणायला पलीकडच्या टपरीवर गेले, आले, आणि मुकाट्याने म्हणाले, “हे रोजचंच हाये बरं. पाह्यजे त टपरीवाल्याले इचार.” मी दोन रेघा ओढल्या. दिवस कलला तसं सगळं गाव उलट्या दिशेने परत आलं. शेवटची शेळी आली तेव्हा रेघ आणि कागद सारखेच धूसर दिसायला लागले होते. मी उठले तर पाय बधिर झालेले.

तेव्हा फाट्यावरच्या पंक्चरच्या दुकानामागून जीप निघाली आणि माझ्यासमोर येऊन थांबली.

वैरागडे साहेब उतरले. त्यांच्या हातात त्यांचा स्वतःचा कागद होता. ते पहाटेपासून दुकानामागे बसले होते. जीपच्या टपावर त्यांची थर्मासची बाटली तशीच होती.

“आणा,” ते म्हणाले.

आत्या नुकतीच परतली होती, कापसाने शिगोशीग भरलेल्या बंडीवर. बाबा पुढे बैलांच्या मुसक्या धरून उभे. वामनराव आले, वेचणीच्या बाया थांबल्या. साहेबांनी दोन्ही कागद जीपच्या बॉनेटवर शेजारी शेजारी ठेवले आणि बोट खाली नेत गेले.

“मुलं एकशे अठ्ठेचाळीस. बरोबर. माणसं सहाशे अकरा. बरोबर. गुरं तीनशे सहा. माझी तीनशे चार आहेत, दोन माझी चुकली असतील, धुकं होतं.” मग बोट थांबलं. “बंड्या. तुमच्या त्रेसष्ट. आधी मला हे सांगा, विषम कशा? गेलेली बंडी परत येते ना?”

“वामनरावांची बंडी रात्रीच्या जागलीला, राखणीला, शेतातच राहिली आज. बत्तीस गेल्या, एकतीस आल्या.”

“ठीक. पण माझ्या पासष्ट आहेत.”

मी काही म्हणायच्या आत कापसाच्या ढिगावरून आवाज आला. “ते दोन माह्या हायेत, सायेब. मी पाण्याचा डरम विसरली होती. मीच तिले म्हटलं, लिहू नोको.”

साहेबांनी वर पाहिलं. मला त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता, पण ते डबी उघडत होते आणि ती उघडत नव्हती.

“कमी लिहिलं,” ते म्हणाले. मला नाही, कुणालाच नाही. “अठ्ठावीस वर्षं मोजण्या करतोय. लोक जास्त लिहून घ्यायला येतात.” मग त्यांनी खाकरून आवाज नेहमीसारखा कोरडा केला. “बाई, विसरलेलं पाणी आणायला जाणं हीसुद्धा वाहतूकच आहे. आमच्याकडे विसरभोळेपणाचा वेगळा रकाना नसतो. झाडे, लिहा त्या दोन.”

मी पेन घेतलं. बारा पंचकं पुरी झाली होती आणि पुढे तीन उभ्या रेघा होत्या. एक उभी ओढली. चार झाल्या. मग हात थबकला.

“काय पाहताय?” साहेब म्हणाले. “पाचवी कशी?”

“आडवी,” मी म्हटलं.

“मग मारा.”

मी पूर्वेकडून पश्चिमेला रेघ ओढली, त्या चार उभ्यांना छेदत. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आठवडाभर हजारो वेळा मी ती रेघ ओढली होती. उभे चार कितीही लांबून आलेले असोत, आमच्या त्या एका आडव्याशिवाय त्यांचा हिशोब पुरा होत नव्हता, आणि हे मला तेव्हा, त्या बॉनेटवर, कळलं.

साहेबांनी माझ्या कागदाखाली लिहिलं, ‘प्रत्यक्ष बसून पडताळणी केली. बरोबर आहे.’ खाली सही केली. मग जीपमधून टेप काढला आणि बंडीपाशी गेले.

“भरलेली बंडी किती उंच असते, ते लागेल. उतरा, बाई.”

“काहून उतरू?”

“माप घ्यायचंय.”

“मंग असंच घ्या. कापूस घरी येते तवा मी वरच बसून येतो. मले खाली उतरून, वाकून जा लागंन असा बोगदा आमाले नाई पाह्यजे.”

बाया हसल्या. साहेबसुद्धा हसले, पहिल्यांदाच. टेपचं एक टोक मी जमिनीवर धरलं आणि ते चाकावर पाय ठेवून, बाबांच्या खांद्याचा आधार घेत, आत्याच्या डोक्यापर्यंत टेप घेऊन गेले.

“अजून एक वीत धरा,” आत्या म्हणाली. “बैल दचकले त माणूस उसळते.”

त्यांनी आकडा लिहिला, आणि पुढे वीत लिहिली. जाताना म्हणाले, “मी काही वचन देत नाही. कागद वर पाठवतो. वरचे काय करतील ते वरचे जाणोत.”

“तुमी पाह्यलं ना,” आत्या म्हणाली, “मंग झालं.”

पाच वर्षं लागली. मधल्या काळात मी एम.एस्सी. केलं, बी.एड. केलं, हिंगणघाटला गणित शिकवू लागले. वैरागडे साहेब निवृत्त झाले आणि पुन्हा कधी भेटले नाहीत. रस्ता फुटला, खड्डे झाले, धूळ उडाली, यंत्रं आली. आणि एके दिवशी बाबांचा फोन आला. ते फक्त “ये” म्हणाले.

मी फाट्यावर उतरले. चौपदरी रस्ता आमच्या गावाच्या माथ्यावरून उंच गेला होता आणि त्याच्या पोटातून, जिथे पांधण होती तिथूनच, बोगदा निघाला होता. नवं सिमेंट, अजून ओलसर वासाचं. सगळं गाव दोन्ही तोंडांशी जमलं होतं. शाळेची मुलं आतून ओरडत पळत होती, आवाज घुमतो म्हणून. त्यांचे हात कुणी धरलेले नव्हते.

चांद्या तोवर गेला होता. निळ्याच्या जोडीला नवा गोऱ्हा होता. पण बंडी तीच, कापूस तसाच शिगोशीग, आणि वर गिरजाआत्या, पासष्टीची, हिरवं लुगडं नेसलेली. नोव्हेंबरातल्या त्या पोळ्याच्या दिवशीचं तेच लुगडं, मी ओळखलं.

“उतर खाली, आत्या,” मी म्हटलं. “उगाच डोकं आपटेल.”

“मापानं केला हाये तो,” ती म्हणाली आणि बैलांना चुचकारलं.

बंडी आत शिरली. वरून ट्रक जात होते, नागपूरचे, हैदराबादचे, कुठले कुठले, त्यांचा धडधडाट छतातून खाली येत होता. निळ्याने कान हलवले, पण थांबला नाही. बरोबर मधोमध आल्यावर आत्याने कासरा एका हातात घेतला आणि दुसरा हात डोक्यावर ठेवला, पंजा उभा करून. अंगठा डोक्याला, करंगळी छताला. मग तिने मागे वळून गावाकडे पाहिलं आणि त्या घुमणाऱ्या बोगद्यात तिचा आवाज दोन्हीकडून ऐकू आला.

“एक वीत सोडली वं माणसानं!”